केनकेनसारखी अंकगणिती कोडी: अंदाज न लावता, निव्वळ तर्काने सोडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. केनकेन किंवा कॅल्क्युडोकू या नावाने ओळखली जाणारी कोडी ४×४ पर्यंत सुटतात. ५×५ आणि ६×६ मध्ये मात्र निम्मी घरं भरली की पुढे काही सुचत नाही आणि एखाद्या घरात अंदाजाने अंक टाकून बघावा लागतो. हे टाळता येतं का?

येतं. नीट रचलेल्या ५×५ किंवा ६×६ कोड्यात अंदाजाची वेळ सहसा येत नाही. अडकण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं. सोडवणारा प्रत्येक गट सुटा सुटा बघतो, आणि संपूर्ण ओळीची बेरीज, जी कोड्यात कुठेच छापलेली नसते, ती वापरतच नाही. या उत्तराचा मोठा भाग त्या न छापलेल्या बेरजेबद्दल आहे. त्याआधीच्या गोष्टी पटकन सांगतो, कारण त्या पक्क्या नसतील तर पुढचं साधत नाही.

जपानमधले गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ साली केनकेन तयार केलं. ५×५ च्या चौकटीत प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या स्तंभात १ ते ५ हे अंक एकेकदाच येतात. ६×६ मध्ये १ ते ६. जाड रेषेने काही घरांचे गट पाडलेले असतात आणि गटाच्या कोपऱ्यात संख्या व चिन्ह असतं. ‘६०×’ म्हणजे त्या गटातल्या अंकांचा गुणाकार ६०. वजाबाकी आणि भागाकाराचे गट नेहमीच्या कोड्यांत दोनच घरांचे असतात आणि त्यांत कुठला अंक आधी याला महत्त्व नसतं: मोठ्यातून लहान वजा, मोठ्याला लहानाने भाग.

गटाची संख्या न बघता फक्त ओळी-स्तंभांचा नियम पाळला, तर ५×५ चौकट १,६१,२८० प्रकारे भरता येते आणि ६×६ चौकट ८१,२८,५१,२०० प्रकारे. अंदाजाची सवय ५×५ मध्ये कशीबशी निभावते आणि ६×६ मध्ये माणसाला दमवते, त्यामागे हा फरक आहे.

गटाचा आकार आधी, संख्या नंतर

दोन घरांच्या गटात एकच अंक दोनदा येऊ शकत नाही, कारण ती दोन घरं नेहमी एकाच ओळीत किंवा एकाच स्तंभात असतात. म्हणून ६×६ मध्ये १०+ म्हणजे ४ आणि ६ हीच जोडी. ५ आणि ५ बाद. सरळ रेषेतल्या तीन घरांनाही हेच लागू. काटकोनी गटाचं मात्र वेगळं आहे. त्याची दोन टोकं वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या स्तंभात असतात, त्यामुळे टोकांना एकच अंक चालतो. ६×६ मध्ये सरळ तीन घरांत ७+ आलं तर १, २, ४ हा एकच संच आहे. तेच ७+ काटकोनी गटात आलं तर १-१-५, २-२-३ आणि ३-३-१ हेही शक्य होतात, आणि प्रत्येक वेळी एकटा पडलेला अंक कोपऱ्याच्या घरात बसतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. काटकोनी गटात पुनरावृत्ती आहे असं ठरलं, की जागाही त्याच क्षणी ठरतात.

‘गटात अंक पुन्हा येत नाही’ असा नियम मनात धरून चालणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. सुडोकूची सवय असलेल्यांकडून ती हमखास होते, आणि ती वाईट अशासाठी की तिचा परिणाम पंधरा-वीस घरं भरल्यावर दिसतो.

कोणते गट आधी बघायचे

ज्या गटाला एकच संच शक्य आहे ते गट आधी. ६×६ साठी दोन घरांच्या या जोड्या पाठ असाव्यात: ३+ (१,२), ४+ (१,३), १०+ (४,६), ११+ (५,६), ५− (१,६), ४÷ (१,४), ५÷ (१,५), ६÷ (१,६). गुणाकारात ८, १०, १५, १८, २०, २४, ३० या प्रत्येकाला एकच जोडी आहे. ६× आणि १२× यांना दोन-दोन: (१,६) किंवा (२,३), (२,६) किंवा (३,४). २÷ ला तीन: (१,२), (२,४), (३,६). सरळ तीन घरांत ६+, ७+, १४+, १५+ यांना एकेकच संच मिळतो.

१− हा सगळ्यांत कमी माहिती देणारा गट. ६×६ मध्ये त्याच्या पाच जोड्या होतात. तो शेवटी बघा, सुरुवातीला त्यावर वेळ घालवू नका.

गुणाकाराच्या मोठ्या गटांत अवयव पाडा, पण सगळे संच लिहीत बसण्याआधी ५ चा विचार करा. ६ पर्यंतच्या अंकांत ५ ने भाग जाणारा अंक ५ हाच आहे. गुणाकाराला ५ ने भाग जात नसेल तर गटात ५ नाही. ५ ने जातो पण २५ ने जात नाही तर गटात ५ नेमका एकदा आहे. मग ३ बघा. ३ चा अवयव फक्त ३ आणि ६ मध्ये असतो, त्यामुळे ८०× सारख्या गटात ३ आणि ६ दोन्ही बाद होतात. आणि गुणाकारात १ ला विसरू नका. तीन घरांच्या १२× चे संच लिहिताना (२,२,३) आठवतो आणि (१,२,६), (१,३,४) राहून जातात, असं वारंवार होतं.

एक कोडं पूर्ण सोडवून

कागदावर ५×५ ची चौकट काढा. स्तंभांना डावीकडून अ, ब, क, ड, इ म्हणू आणि ओळींना वरून १ ते ५. म्हणजे डावीकडचं सर्वांत वरचं घर अ१ आणि उजवीकडचं सर्वांत खालचं इ५. गट असे:

३÷ : अ१, अ२
४− : ब१, क१
२४× : ड१, इ१, इ२
२÷ : ब२, ब३
७+ : क२, ड२
१०+ : अ३, अ४, ब४
६०× : क३, ड३, क४
१०+ : इ३, इ४, इ५
५+ : अ५, ब५
६+ : ड४, ड५, क५

५ पर्यंतच्या अंकांत ३÷ म्हणजे १ आणि ३, आणि ४− म्हणजे १ आणि ५. पहिल्या ओळीचा १ हा ब१ किंवा क१ मध्ये अडकला, नेमका कुठे ते अजून माहीत नसलं तरी. म्हणून अ१ मध्ये १ येऊ शकत नाही: अ१ = ३, अ२ = १. ‘कुठे आहे ते माहीत नाही, पण या दोनपैकी एकात आहे’ एवढी अर्धवट माहितीही पुरते. ज्यांना पुढे काही दिसत नाही ते बहुतेक वेळा फक्त भरलेल्या घरांकडे बघत असतात आणि अशा अर्ध्या माहितीकडे दुर्लक्ष करतात.

पहिल्या ओळीत आता ड१ आणि इ१ साठी २ आणि ४ उरले. त्यांचा गुणाकार ८, कुठलाही कुठेही असो. २४× पूर्ण व्हायला इ२ = ३.

दुसऱ्या ओळीत क२ आणि ड२ ची बेरीज ७: (२,५) किंवा (३,४). इ२ मध्ये ३ आलाय, म्हणून (२,५). त्या ओळीत १, ३, २, ५ संपले; ब२ = ४. त्याच्या जोडीला २÷ आहे, म्हणून ब३ = २.

आता स्तंभ इ. पाच घरांची बेरीज १+२+३+४+५ = १५ असणारच. खालच्या तीन घरांची बेरीज १० दिली आहे, म्हणजे इ१ + इ२ = ५. इ२ = ३ आहे, म्हणून इ१ = २ आणि ड१ = ४. न छापलेली बेरीज इथे पहिल्यांदा कामाला आली.

तिसऱ्या ओळीचा १ कुठे? अ३ मध्ये नाही, कारण अ२ = १. ब३ मध्ये २ आहे. क३ आणि ड३ हे ६०× मध्ये आहेत, आणि ५ पर्यंतच्या तीन अंकांनी ६० होतो तो फक्त ३, ४, ५ ने. म्हणून इ३ = १. इ४ आणि इ५ मध्ये ४ आणि ५ उरले, क्रम माहीत नाही.

इथे कोडं थांबतं. अ३, अ४, ब४ या गटासाठी तीन वाटा खुल्या दिसतात: ५-२-३, ४-५-१ आणि ५-४-१. अ५, ब५ साठी ४-१ किंवा २-३. ड३ मध्ये ३ किंवा ५. कुठल्याही एका घराकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी ते आपणहून उलगडत नाही. अंदाज लावायचा मोह होतो तो नेमका इथे.

पाचवी ओळ बघा. तिची बेरीज १५. अ५ आणि ब५ मिळून ५, म्हणून क५ + ड५ + इ५ = १०. दुसरीकडे ६+ गट सांगतो की क५ + ड५ + ड४ = ६. दोन्हींत क५ आणि ड५ सामाईक आहेत. पहिल्यातून दुसरं वजा केलं की इ५ − ड४ = ४. १ ते ५ मध्ये ४ चा फरक फक्त ५ आणि १ मध्ये आहे. इ५ = ५, ड४ = १.

पुढचं भराभर येतं. इ४ = ४. चौथ्या ओळीत १ आला, म्हणून ब४ मध्ये १ नाही, आणि तीन वाटांपैकी ५-२-३ तेवढी उरते: अ३ = ५, अ४ = २, ब४ = ३. चौथ्या ओळीत राहिलेला अंक ५, तो क४ मध्ये. स्तंभ अ मध्ये ४ उरला, अ५ = ४, म्हणून ब५ = १. स्तंभ ब मध्ये १ गेला, म्हणून ब१ = ५, क१ = १. ६०× मध्ये ३ आणि ४ उरले; स्तंभ ड मध्ये वर ४ आहे, म्हणून ड३ = ३, क३ = ४. क४ मध्ये ५ असल्याने क२ = २ आणि ड२ = ५. शेवटी क५ = ३, ड५ = २.

उत्तर, वरून खाली:

३ ५ १ ४ २
१ ४ २ ५ ३
५ २ ४ ३ १
२ ३ ५ १ ४
४ १ ३ २ ५

आता मागे वळून बघण्यासारखं एक आहे. इ५ − ड४ = ४ ही पायरी कोऱ्या चौकटीतही दिसू शकत होती. तिला ५+, ६+ आणि १५ एवढंच लागलं. तोपर्यंत भरलेल्या एकाही घराची गरज पडली नाही. स्तंभ इ चंही तसंच. इ१ + इ२ = ५ म्हणजे (१,४) किंवा (२,३); (१,४) असते तर ड१ मध्ये ६ लागला असता, जो इथे नाही. म्हणजे (२,३) आणि ड१ = ४, पहिल्याच मिनिटाला. म्हणून माझा सल्ला असा की बेरजेची ही तपासणी अडकल्यावर करायचा उपाय म्हणून ठेवू नका. पेन्सिल उचलल्यावर एकेक ओळ आणि एकेक स्तंभ याच नजरेने बघून घ्या.

डोकावणारी घरं

वरची युक्ती सामान्य रूपात अशी: ओळीची बेरीज ४×४ मध्ये १०, ५×५ मध्ये १५, ६×६ मध्ये २१, ७×७ मध्ये २८, ८×८ मध्ये ३६ आणि ९×९ मध्ये ४५. एखादी ओळ अशी निवडा, जिच्यातले बहुतेक गट पूर्णपणे तिच्या आत आहेत आणि एखादंच घर बाहेर डोकावतं, किंवा बाहेरच्या गटाचं एखादंच घर आत येतं. आतल्या गटांची बेरीज करा, ओळीच्या बेरजेशी तुलना करा. एकच घर डोकावत असेल तर त्याची किंमत थेट मिळते. दोन डोकावत असतील तर त्यांची बेरीज किंवा फरक मिळतो, आणि अनेकदा तेवढं पुरतं.

एका ओळीने जमलं नाही तर शेजारच्या दोन ओळी एकत्र घ्या: ५×५ मध्ये ३०, ६×६ मध्ये ४२. ६×६ च्या अवघड कोड्यांत दोन ओळींचा पट्टा एका ओळीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो, कारण काटकोनी आणि चौकोनी गट दोन ओळींत पूर्ण मावतात. तीन ओळींपर्यंत जाणं क्वचित लागतं.

गुणाकाराचे गट यात कसे धरायचे? त्यांचा संच ठरला असेल तर बेरीजही ठरते. वरच्या कोड्यातला ६०× म्हणजे ३+४+५ = १२. संच ठरला नसेल तर ओळीचा गुणाकार वापरा: ५×५ मध्ये १२०, ६×६ मध्ये ७२०. ६×६ च्या एका स्तंभात तीन घरांचा ६०× आणि दोन घरांचा ६× पूर्ण आत आहेत आणि सहावं घर दुसऱ्या गटाचं आहे असं समजा. ७२० ला ३६० ने भागलं की त्या घरात २ आला. संच कुठले ते बघावंच लागलं नाही. उलट २ कळल्यामुळे ६× मध्ये (२,३) बाद होऊन (१,६) ठरला आणि ६०× मध्ये (३,४,५).

वजाबाकीचे गट आणि सम-विषम

वजाबाकीच्या गटाची बेरीज माहीत नसते, पण ती सम आहे की विषम हे नक्की माहीत असतं. दोन अंकांचा फरक विषम तर बेरीजही विषम, फरक सम तर बेरीज सम. हे फार कमी जण वापरतात, आणि ६×६ मध्ये त्याची ताकद मोठी आहे.

उदाहरण घ्या. ६×६ मधल्या एका ओळीत तीनच गट आहेत: १−, २− आणि २÷. वरवर बघितलं तर काहीच ठरत नाही, नऊ घरं भरून झाल्यावर बघू असं वाटतं. पण ओळीची बेरीज २१, म्हणजे विषम. १− ची बेरीज विषम, २− ची सम. त्या दोन्हींची मिळून विषम, म्हणून २÷ ची बेरीज सम असायला हवी. (१,२) ची बेरीज ३, (३,६) ची ९, दोन्ही बाद. उरली (२,४). आता २ आणि ४ वापरले गेल्यामुळे १− साठी फक्त (५,६) राहते आणि २− साठी (१,३). सहाही घरांच्या जोड्या ठरल्या, आणि शेजारच्या एकाही ओळीकडे बघावं लागलं नाही.

भागाकाराच्या गटांबाबतही प्रत्येक जोडीची सम-विषमता आधी लिहून ठेवा: ६×६ मध्ये ३÷ च्या दोन्ही जोड्या, (१,३) आणि (२,६), सम बेरजेच्या आहेत, म्हणून ३÷ हा नेहमी सम समजायचा.

अंकांची हजेरी

दोन ओळींच्या पट्ट्यात प्रत्येक अंक नेमका दोनदा येतो. ५ ओळखायला सर्वांत सोपा, म्हणून हजेरी ५ पासून घ्या. ६×६ च्या पट्ट्यात तीन-तीन घरांचे ६०× आणि १२०×, शिवाय एक ४− गट पूर्ण आत आहे असं समजा. ६०× मध्ये ५ एकदा, १२०× मध्ये (तो ४,५,६ च असणार) ५ एकदा. पट्ट्यातले दोन्ही ५ संपले. मग ४− मध्ये (१,५) शक्य नाही, (२,६) ठरला. आता ६ ची हजेरी: एक १२०× मध्ये, एक ४− मध्ये, तेही संपले. म्हणून ६०× मध्ये (२,५,६) नाही, (३,४,५) आहे. पट्ट्यातल्या उरलेल्या चार घरांत १, १, २, ३ एवढेच अंक राहिले. तीन गटांमधून एवढी माहिती निघते, आणि एकही जागा माहीत नसताना.

सुडोकूतली एक युक्तीही इथे चालते: एखादा अंक दोन ओळींत त्याच दोन स्तंभांपुरता मर्यादित असेल, तर त्या दोन स्तंभांतल्या बाकीच्या घरांतून तो खोडता येतो. चालते खरी, पण बेरीज आणि हजेरी आधी तपासली असेल तर तिची गरज तुलनेने कमी पडते.

पेन्सिलच्या खुणा

प्रत्येक घरात सगळे शक्य अंक लिहून काढण्याची पद्धत या कोड्यांना मानवत नाही. सुडोकूत माहिती घरागणिक असते. इथे ती गटाच्या संचात असते. घरांत ‘२,३,४,६’ लिहिलं की १२× मधला २ हा ६ बरोबरच येतो, ३ बरोबर नाही, ही माहिती पुसली जाते. म्हणून संच बाजूला लिहा: ‘२६ / ३४’. तीनपेक्षा जास्त संच असतील तर लिहूच नका; फक्त नक्की असणारा किंवा नक्की नसणारा अंक टिपून ठेवा, जसं ‘५ आहे’ किंवा ‘३, ६ नाहीत’. घरात बारीक अंक तेव्हाच लिहा जेव्हा दोनच उरतात.

आणखी एक सवय महत्त्वाची. एखाद्या घरात अंक पक्का झाला की तीन ठिकाणी जायचं: त्याची ओळ, त्याचा स्तंभ, त्याचा गट. ओळ आणि स्तंभ बहुतेक जण बघतात. गटाचे संच खोडायचे राहतात, आणि पुढे ‘इथे दोन शक्यता आहेत’ असं वाटत राहतं, जेव्हा खरं तर एकच उरलेली असते.

गृहीत धरून बघणं कधी योग्य

‘असं समजा’ म्हणून विसंगतीपर्यंत जाणं ही सिद्धतेची रीत आहे. तिला अंदाज म्हणता येणार नाही, पण अट एवढीच की शेवटी विसंगती मिळायला हवी. वरच्या कोड्यात अडकलेल्या जागी ड३ = ५ मानून बघा. तिसऱ्या ओळीत ५ गेला, म्हणून अ३ = ४. मग क३ = ३, क४ = ४, म्हणून इ४ = ५. इकडे अ३ = ४ असल्याने १०+ साठी ४-५-१ हाच क्रम, म्हणजे अ४ = ५. चौथ्या ओळीत दोन ५. म्हणून ड३ = ५ अशक्य, ड३ = ३. हा निष्कर्ष पूर्णपणे वैध आहे.

अंदाज तो, ज्यात अंक टाकून पुढे चालत राहतात आणि ‘जमलं’ म्हणून थांबतात. त्याने उत्तर मिळतं, पण दुसरं उत्तर नाही हे कळत नाही. गृहीतकाची साखळी पाच-सहा पायऱ्यांत विसंगतीला पोचत नसेल तर ती सोडून द्या आणि दुसरा पट्टा बघा. गृहीतकाचे अंक चौकटीत लिहू नका. मनात किंवा बाजूच्या कागदावर ठेवा. निवडायचंच तर दोनच शक्यता असलेलं आणि जास्तीत जास्त अनिश्चित गटांना भिडणारं घर निवडा.

कोड्याला एकच उत्तर आहे या खात्रीचाही तर्कात उपयोग होतो. शेजारी-शेजारी दोन उभे गट आहेत, दोन्ही त्याच दोन ओळींत, आणि दोन्हींत २ आणि ५. ते आपसांत वर-खाली केले तरी ओळी, स्तंभ, गट सगळं जुळतं, म्हणजे दोन उत्तरं होतात. म्हणून अशी स्थिती येऊच शकत नाही, आणि एका गटाचा (२,५) संच खोडता येतो. हे बरोबर आहे, पण माझी पसंती थेट मार्गाला आहे. या तर्कात कोडं रचणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि रचनेतच दोष असेल तर तो दिसणारच नाही.

चिन्हं नसलेली कोडी आणि काकुरो

काही कोड्यांत फक्त संख्या असते, चिन्ह नसतं. तिथे मोठ्या संख्यांपासून सुरुवात करा. ६×६ मध्ये दोन घरांत ११ पेक्षा मोठी संख्या आली तर तो गुणाकारच. तीन घरांत १७ पेक्षा मोठी असेल तरी गुणाकारच. १७ येण्यासाठी तो गट काटकोनी हवा आणि टोकांना ६-६ हवेत. लहान संख्या फसव्या असतात. दोन घरांत नुसता ५ म्हणजे बेरीज (१,४) किंवा (२,३), फरक (१,६), गुणाकार किंवा भागाकार (१,५). अशा गटावर चिन्ह ठरेपर्यंत बेरजेची युक्ती लावू नका. हीच चूक इथे सर्वांत जास्त होते.

काकुरो म्हणजे शब्दकोड्यासारख्या चौकटीतलं, आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या बेरजा दिलेलं कोडं. त्यात १ ते ९ अंक असतात, एका बेरजेच्या पट्टीत अंक पुन्हा येत नाही आणि सगळे गट बेरजेचेच असतात. एकच संच असलेल्या बेरजा तिथेही पाठ हव्यात: दोन घरांत ३, ४, १६, १७, तीन घरांत ६, ७, २३, २४, चार घरांत १०, ११, २९, ३०. दोन घरांची आडवी १६ आणि दोन घरांची उभी १७ जिथे छेदतात तिथे ९ असणारच, कारण (७,९) आणि (८,९) मध्ये सामाईक तोच आहे. तिथे पूर्ण ओळीची ठरलेली बेरीज नसते. पण चौकटीचा एखादा कोपरा बाकीच्यांशी एकाच घराने जोडलेला असेल, तर त्या कोपऱ्यातल्या आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा यांच्या एकूण फरकावरून ते जोडणारं घर मिळतं. डोकावणाऱ्या घराचाच हा हिशोब आहे.

कोडं फसलं तर

एखाद्या ओळीत अंक दोनदा आला किंवा घराला काहीच उरलं नाही, तर लगेच सगळं पुसू नका. आधी पूर्ण भरलेले गट आकडेमोड करून तपासा. मग पूर्ण भरलेल्या ओळींच्या बेरजा घ्या. त्यात चूक मिळाली नाही तर काटकोनी गटांकडे या आणि प्रत्येकासाठी पुनरावृत्तीचे संच पुन्हा लिहा, १ धरून. चूक तिथेही नसेल तर ज्या ‘नाही’ च्या खुणांवरून शेवटची चार-पाच घरं भरली, त्या प्रत्येक खुणेचं कारण मोठ्याने सांगून बघा. ज्या खुणेचं कारण सांगता येत नाही, तिथपासून पुढचं पुसा.